जुना ट्रक, नवा गिअरबॉक्स आणि मधली आडवी तुळई

वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे विषय ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे मोटारट्रकच्या पोटाखालचा विषय घेऊन उभे राहताना थोडा संकोच वाटतो. तरी एक गोष्ट मनाला धीर देते. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये ट्रकखाली उताणा पडलेला मिस्त्री आणि बाहेर आलेले त्याचे दोन पाय हे दृश्य आपणांपैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. तो आत नेमके काय करतो, हे मात्र फार थोड्यांनी वाकून पाहिले असेल. आज आपण तसे वाकून पाहावयाचे आहे, आणि तेही एकाच वस्तूकडे. ती वस्तू म्हणजे गिअरबॉक्सच्या शेपटीखाली असणारी लोखंडी आडवी तुळई. धंद्यात तिला क्रॉसमेंबर म्हणतात.

ट्रकची चासी कशी असते ते आधी ध्यानात घेऊ. घरातली बाज आठवा. दोन लांब बाजू आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. आडव्यांची सांधणी ढिली झाली की बाज कुरकुरते, आणि तिचा काटकोन चौकोन हळूहळू तिरका होऊ लागतो. चासीचेही तसेच आहे. पोलादाच्या जाड पत्र्याच्या, पन्हळीसारख्या वाकवलेल्या दोन लांब तुळया पुढून मागपर्यंत जातात, आणि चारपाच आडव्या तुळया त्यांना एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवतात. माल वाहतात लांब तुळया हे खरे. पण त्यांना उभ्याच्या उभ्या, सरळ ठेवतात त्या आडव्या. एक आडवी काढून टाकली तर ट्रक त्याच क्षणी मोडत नाही, आणि फसगत होते ती यामुळेच.

आता ट्रकही ठराविकच घेऊ. सगळ्या ट्रकांबद्दल एकदम बोलू लागलो तर काहीच सांगून होणार नाही. १९४७ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत शेव्हरोलेने ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ नावाची ट्रकांची मालिका बाजारात आणली. ती मार्च १९५५ पर्यंत चालली. गोलसर नाक, आडव्या पट्ट्यांची जाळी, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. तिच्यातला अर्ध्या टनाचा लहान ट्रक, ज्याच्या पुढच्या-मागच्या चाकांत ११६ इंचांचे अंतर असे, तो आजही अमेरिकेत हौशी लोकांच्या विशेष प्रीतीचा आहे. शेव्हरोले हे नाव आपणांसही परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला आणि १९५४ साली येथला मुक्काम हलविला. तोवर आपल्या घाटांतूनही शेव्हरोलेचे ट्रक पुष्कळ चढले-उतरले. परंतु आज ज्या कामाविषयी बोलावयाचे आहे ते काम मुख्यतः अमेरिकेत, घरामागच्या शेडमध्ये, सुटीच्या दिवशी चालते.

हे काम निघते कशातून? त्या ट्रकच्या मूळच्या इंजिनात सहा सिलिंडर होते आणि त्याची ताकद ९० अश्वशक्ती होती. इंजिनाच्या ४.११ फेऱ्यांना मागचे चाक एकदा फिरे. चाकाचा व्यास सुमारे २८ इंच धरला तर ताशी ६० मैल, म्हणजे ताशी ९६ किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला ७२० फेरे घेते आणि इंजिनाला जवळजवळ २,९६० फेरे घ्यावे लागतात. हे इंजिन आपली पूर्ण ताकद देई ३,३०० फेऱ्यांना. याचा अर्थ, ताशी ६० मैलांना ते धापा टाकीत असे. शेतावरून गावात जाण्यास तेवढे पुरेसे होते. पण १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्ग उभे राहू लागले, आणि त्यांवर या ट्रकला मोटारींच्या मागे फरपटत जावे लागू लागले. म्हणून पुढे हौशी लोकांनी त्यात नवी यंत्रे घालण्यास सुरुवात केली. बहुतेक वेळा इंजिन घेतात ते १९६७ साली आलेले ५.७ लिटरचे आठ सिलिंडरांचे, आणि गिअरबॉक्स घेतात तो आपोआप गिअर बदलणारा. पैकी ‘टर्बो ३५०’ हा तीन गिअरांचा, १९६९ च्या मॉडेलांबरोबर आलेला. आणि ‘७००आर४’ हा चार गिअरांचा, १९८२ च्या मॉडेलांपासूनचा. या दुसऱ्याच्या चौथ्या गिअरात गिअरबॉक्सबाहेरचा शाफ्ट एक फेरा घेतो तेव्हा इंजिन केवळ ०.७० फेरा घेते. मागच्या डिफरन्शियलचे प्रमाण ३.७३ ठेवले तर त्याच ताशी ६० मैलांना इंजिन १,९०० फेऱ्यांच्या आसपास शांतपणे चालते. धाप संपली!

पण नवा गिअरबॉक्स ठेवावयाचा कशावर? मूळ रचनेत इंजिन व गिअरबॉक्स मिळून झालेला जो लांबट ठोकळा, त्याला पुढे इंजिनाच्या तोंडाशी आधार होता, आणि मागे बेलहाउसिंगच्या दोन्ही बाजूंना. बेलहाउसिंग म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले घंटेच्या आकाराचे ओतीव कवच. गिअरबॉक्स लहान होता. तो या कवचामागे, खालून वेगळा टेकू न घेता राही. नव्या जोडणीत इंजिन आपल्या दोन बाजूंना, साधारण मध्यावर टेकते, आणि तिसरा आधार लागतो तो गिअरबॉक्सच्या शेपटीखाली. मूळ चासीत त्या जागी काहीच नाही. तेथे नवी तुळई टाकावी लागते.

हे तीन आधारच का, याचा थोडा विचार केला पाहिजे. चार पायांचे टेबल उंचसखल जमिनीवर डुगडुगते, तिवई डुगडुगत नाही. ट्रकची चासी ही कधीच ताठ जमीन नसते. एक चाक खड्ड्यात गेले की ती किंचित पिळवटते, आणि ती तशी पिळवटावी अशीच तिची घडण असते. तीन आधारांवरचे इंजिन हा पीळ अंगाला लावून घेत नाही. म्हणूनच शेपटीखालचा आधार मध्यावर, एकाच रबरी माउंटिंगवर असतो. आपले मिस्त्री याला फाउंडेशन म्हणतात, आणि तो शब्द मला माउंटिंगपेक्षा बरा वाटतो. गाडी निघताना इंजिन जे अंग पिळते त्याचा मुख्य भार बाजूचे दोन आधार घेतात. तो भार किती? इंजिनाचा पीळ ४०० न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरात ‘टर्बो ३५०’ त्याची २.५२ पट करतो, आणि गाडी जागची हलताना टॉर्क कन्व्हर्टर साधारण आणखी दुप्पट. म्हणजे मीटरभर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २०० किलो टांगल्यासारखे! शेपटीखालच्या तुळईला हा सगळा जोर सोसावा लागत नाही. तिच्याकडे शेपटीचे वजन आहे, मागेपुढे सरकू न देणे आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेपटीची उंची तिच्या हाती आहे.

अमेरिकेत ही तुळई तयार मिळते. तिला ‘युनिव्हर्सल’ म्हणतात, म्हणजे कोणत्याही ट्रकला आणि कोणत्याही गिअरबॉक्सला चालणारी. कोठे ती जाड नळीची असते व दोन्ही टोकांना चासीवर बसणारे कंस असतात. कोठे ती दाबून वाकविलेल्या पत्र्याची, लांबट खाचांची असते. मध्ये माउंटिंग बसावयाला पाटा, आणि धुराड्याच्या नळ्या जाव्यात म्हणून बाजूला कमानी. पेटी उघडली की वाटते, चार बोल्ट आवळले की झाले. येथेच चुकते. शिंपी ग्राहकाच्या मापाने सदरा शिवतो. तयार सदरा सर्वांच्या मापाचा म्हणून मिळतो तेव्हा बाह्या कोठे दुमडावयाच्या हे आपल्याला ठरवावे लागते. ‘युनिव्हर्सल’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की कारखानदाराने मापे घेतलेली नाहीत. ती घेण्याचे काम विकत घेणाऱ्याकडे आले आहे. मूळच्या तुळईत कारखान्यातील अभियंत्याचा सर्व हिशेब भोकांच्या जागांतच ठोकून बसविलेला असतो. नव्या तुळईच्या खाचेत तुम्ही बोल्ट एक बोट मागे किंवा पुढे, वर किंवा खाली आवळला, की तो हिशेब तुम्ही केलात, मग तुम्हाला ते ठाऊक असो वा नसो.

तो हिशेब आहे कोनाचा. गिअरबॉक्सच्या शेपटीतून निघणारी गती मागच्या आसापर्यंत एका लांब नळीने, म्हणजे प्रोपेलर शाफ्टने जाते. मागचा आस कमानपाट्यांवर वरखाली होत असतो, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकणारे सांधे लागतात. या सांध्याला कार्डनचा सांधा म्हणतात, तो सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन पंडिताच्या नावावरून. इंग्रजीत सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचेही नाव त्याला देतात. आपल्या गॅरेजात त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात, कारण त्याच्या पोटात अधिकचिन्हासारखा एक तुकडा असतो. या सांध्यात एक खोड आहे. तो वाकलेला असताना एका बाजूने अगदी एकसारखी गती घातली, तरी दुसऱ्या बाजूने ती एकसारखी निघत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. असे का? जेवणाचे ताट डोळ्यांसमोर सरळ धरा, ते वाटोळे दिसते. किंचित तिरपे करा, लंबवर्तुळ दिसू लागते. ताटाच्या कडेवर समान अंतरांवर खुणा केल्या असतील तर तिरप्या ताटावर त्या काही ठिकाणी दाटलेल्या व काही ठिकाणी विरळ दिसतात. वाकलेल्या सांध्याची एक बाजू दुसऱ्या बाजूकडे अशीच तिरपी पाहत असते.

कोन लहान असला तर फरकही लहान. ३ अंशांना गतीत सुमारे ०.१४ टक्के कमीजास्त होते. १० अंशांना तेच दीड टक्का होते. दीड टक्का ऐकावयास काहीच नाही. पण आपल्या उदाहरणात ताशी ६० मैलांना शाफ्ट मिनिटाला सुमारे २,७०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ४५. आणि फेऱ्यात दोनदा या न्यायाने हा हिसका सेकंदाला ९० वेळा बसतो. तोच गुणगुणाट होऊन तळव्यांना लागतो, तोच आरशाला थरथरवतो, आणि तोच सांध्याच्या सुईसारख्या बारीक बेअरिंगांना आतून कुटत राहतो.

यावरचा उपाय मात्र फार सुंदर आहे. पुढच्या सांध्याने जी गडबड केली तीच उलट दिशेने मागच्या सांध्याकडून करून घ्यावयाची. त्यासाठी दोन्ही सांधे सारख्याच कोनात वाकले पाहिजेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत बसले पाहिजेत. म्हणजे मधला शाफ्ट तेवढा धावतो-रेंगाळतो, पण मागच्या आसाला गती मिळते ती एकसारखी. आकडे घालून पाहू. गिअरबॉक्स मागे ३ अंशांनी उतरता आहे. शाफ्ट मागे ५ अंशांनी उतरता आहे. डिफरन्शियलचे नाक ३ अंश वर उचललेले आहे, म्हणजे त्याची रेषा गिअरबॉक्सच्या रेषेला समांतर. पुढचा सांधा वाकला ५ वजा ३, म्हणजे २ अंश; मागचाही २ अंश. हिशेब फिटला. साधारण १ ते ३ अंशांचा वाक चांगला समजतात. शून्य अंश त्याहून चांगला असेल असे वाटते, पण तसे नाही. सांधा मुळीच वाकला नाही तर त्याच्या सुया जागच्या जागी एकाच रेषेवर दाबल्या जातात आणि तेथे चरे पडतात.

आता तुळई चुकली तर काय होते ते पाहा. इंजिनाच्या बाजूच्या आधारांपासून शेपटीच्या आधारापर्यंत एक मीटर अंतर धरले, तर शेपटी १७ मिलिमीटर वर उचलली की कोन बरोबर १ अंशाने बदलतो. १७ मिलिमीटर म्हणजे माउंटिंगखाली घातलेली एक जाड चकती! गिअरबॉक्स ३ ऐवजी २ अंश उतरता झाला. शेपटी वर गेल्याने शाफ्ट मात्र अधिक उतरता होऊन ५ चा पावणेसहाच्या घरात गेला. पुढचा सांधा पावणेचार अंश, मागचा पावणेतीन. दोन्ही वाढले, आणि शिवाय सारखे राहिले नाहीत. भोके जुळेनात म्हणून ‘एक चकती घालून भागवू’ असे जो म्हणतो, तो हे नकळत करून ठेवतो. आणि पुढे शाफ्ट बॅलन्स करण्यासाठी पैसे घालवतो. शाफ्टचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

म्हणून कामाचा क्रम फार महत्त्वाचा. सर्वप्रथम ट्रक सपाट फरशीवर, आपल्या चाकांवर, आपल्या नेहमीच्या उंचीला उभा हवा. चाके लोंबकळत ठेवून घेतलेले कोन कवडीच्या मोलाचे. खाली जाण्यासाठी उंची हवी असेल तर पुढचे-मागचे आस भक्कम घोड्यांवर टेकवावेत, म्हणजे कमानपाटे भाराखालीच राहतात. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या चवडीवर उभ्या ट्रकखाली कोणीही जाऊ नये. हे सांगण्याची गरज नसावी, पण असते. मग इंजिन आपल्या बाजूच्या दोन आधारांवर बसवावे आणि गिअरबॉक्सची शेपटी चाकांच्या जॅकवर तोलावी. तेलाच्या पत्र्याच्या तबकाला जॅकचे लोखंड थेट लावू नये. मध्ये लाकडी फळी घालावी. आता शेपटी वरखाली करून कोन जुळवावयाचा. आठ सिलिंडरांच्या या इंजिनांत एक सोय आहे. ज्या बैठकीवर कार्ब्युरेटर बसतो ती मुळातच सुमारे ३ अंश तिरपी केलेली असते, अशासाठी की इंजिन मागे तेवढे उतरले की कार्ब्युरेटर समपातळीत यावा. पातळी तपासण्याची साधी नळी तेथे ठेवून पहिला अंदाज घेता येतो. अखेरचे माप मात्र कोनमापकाने गिअरबॉक्सच्या शेपटीवरच घ्यावे.

कोन जुळल्यावर लगेच तुळईकडे धावू नये. आधी हात फिरवून पाहावे. गिअरबॉक्स केबिनच्या तळाला लागत नाही ना, पुढे इंजिनाचे तेलपात्र स्टिअरिंगच्या दांड्यावर येत नाही ना. या ट्रकांत ब्रेकचा मुख्य सिलिंडर आजच्या गाड्यांसारखा बॉनेटखाली नसून चालकाच्या पायांखाली, फळीच्या तळाशी असतो. नवी तुळई, धुराड्याची नळी आणि तो सिलिंडर यांची याच जागी गर्दी होते. नळी सिलिंडरला चिकटून गेली तर आतले ब्रेकचे तेल तापते. फार तापले तर त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढे पोचवीत नाही. मग पेडल तळाला जाते! हातब्रेकची तारही याच वाटेने मागे जाते. हे सर्व तुळईचे भोक पाडण्यापूर्वी दिसले पाहिजे.

मूळची आडवी तुळई काढावयाची की ठेवावयाची, हा यातला सर्वांत जड निर्णय. ती रिव्हेटांनी ठोकलेली असते, आणि स्वयंचलित गिअरबॉक्सच्या रुंद तबकाला नेमकी आडवी येते. पुष्कळ जण ती कापतात. माझ्या मते शक्य तेथे ती कापू नये. थोडी खाच घेऊन, तिला खालून नवी पट्टी जोडून भागत असेल तर तेवढेच करावे. कापणे अटळच असेल तर आधी नवी तुळई बसवावी, सर्व बोल्ट आवळावेत, आणि मगच जुनीला करवत लावावी. उलटे केले तर मधल्या वेळात लांब तुळया इंजिनाच्या वजनाने किंचित फाकतात किंवा कलतात. मग नवी तुळई ज्या मापाने घातली ते माप चासीचे खरे माप नसते, तर फाकलेल्या चासीचे असते. बाजेचा चौकोन एकदा तिरका झाला की तो तसाच पक्का होतो.

तुळईची लांबी घेताना दोन लांब तुळयांमधले आतले अंतर एकाच जागी मोजून चालत नाही. पुष्कळ ट्रकांत त्या दोन तुळया अगदी समांतर नसतात. पुढे अरुंद, मागे रुंद अशा असतात. टोके त्या मानाने तिरपी कापावी लागतात. तुळई आखूड पडली म्हणून बोल्टांनी चासी ओढून आणणे, किंवा लांब झाली म्हणून घणाने ठोकून बसविणे, दोन्ही सारखेच वाईट.

भोके पाडताना एक नियम कधी मोडू नये. चासीची लांब तुळई पन्हळीच्या आकाराची. तिला एक उभी बाजू आणि वरखाली दोन आडव्या कडा. ओझे पडले की तुळई वाकू पाहते, तेव्हा एक कड दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. उभ्या बाजूच्या मध्यावर त्या मानाने वाकण्याचा ताण फार थोडा असतो. म्हणून भोके उभ्या बाजूत, कडांपासून व वळणापासून दूर पाडावीत. वरच्या-खालच्या कडांत भोक पाडणे म्हणजे जेथे पोलादाला खरे काम आहे तेथूनच ते काढून घेणे. कडांवर आडवे वेल्डिंग करू नये, ते याच कारणाने. शिवाय पीळ बसताना त्या कडांना जरा हलावयाचे असते, वेल्डिंगने त्या जखडतात, आणि तडा जातो तो वेल्डिंगच्या अगदी शेजारी. भोक गॅसच्या ज्योतीने जाळून पाडू नये. ड्रिलने पाडून त्याची धार साफ करावी. जुनी भोके उपयोगी पडत असतील तर नवी पाडूच नयेत. सत्तर वर्षांच्या चासीत गंजाने कोठे किती खाल्ले आहे हे रंगाखाली दिसत नाही, म्हणून आधी तारेच्या ब्रशने रंग खरवडून, हातोडीने टकटक करून पाहावे.

जोडणी बोल्टांची असावी, वेल्डिंगची नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वयंचलित गिअरबॉक्स कधी ना कधी खाली उतरवावा लागतोच, आणि त्याला वाट खालूनच आहे. वेल्डिंगने पक्की केलेली तुळई त्या दिवशी पुन्हा कापावी लागते. बोल्ट चांगल्या प्रतीचे घ्यावेत. अमेरिकी बोल्टाच्या माथ्यावर तीन रेघा असल्या तर तो ग्रेड ५ चा, सहा असल्या तर ग्रेड ८ चा. बिनरेघांचा बोल्ट या कामी घेऊ नये. नटाखाली जाड पट्टी द्यावी, म्हणजे भार पसरतो. सर्व बोल्ट आधी हातानेच लावावेत, मग जॅक हळूच उतरवून रबराला आपले वजन घेऊ द्यावे, आणि नंतर आवळावे. माउंटिंगचा बोल्ट भोकात जावा म्हणून पहारीने शेपटी ढकलावी लागली, तर तुळई चुकीच्या जागी आहे असे समजावे. ताणून बसविलेले रबर फार दिवस टिकत नाही.

एक बारीक गोष्ट, जी हटकून विसरते. इंजिन आता तिन्ही बाजूंनी रबरावर बसले. रबरातून वीज जात नाही. इंजिनाकडून चासीकडे जाडशी अर्थिंगची तार लावली नाही, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट बहुधा अ‍ॅक्सिलरेटरची बारीक तार असते. ती तापून वेष्टण वितळते आणि अडकते.

शाफ्टची लांबी सगळ्यांत शेवटी, तुळई पक्की झाल्यावर मोजावयाची. शाफ्टचे पुढचे टोक शेपटीतल्या दातेरी दांड्यावर मागेपुढे सरकते. मागचा आस उसळला की ते आत जाते. त्याला आत जाण्यास २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवतात. जागा ठेवली नाही तर खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सवर घणासारखा आदळतो. तुळई नंतर दोन बोटे मागे सरकविली तर ही जागाच नाहीशी होते. म्हणून आधी तुळई, मग शाफ्ट. आणखी एक खबरदारी घ्यावी. पुढचा सांधा धावत्या गाडीत तुटला तर शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यावर पडते, आणि एखाद्या खड्ड्यात रुतले तर बांबूवरच्या उडीप्रमाणे गाडीचा मागचा भाग उचलू शकते. म्हणून पुढच्या सांध्याच्या जवळ, शाफ्टभोवती एक पोलादी कडे चासीला अडकवितात. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत वेगवान गाड्यांना ते सक्तीचे आहे. रस्त्यावरच्या गाडीला सक्ती नसली तरी ते कडे असलेले बरे.

आपल्याकडच्या श्रोत्यांना येथे प्रश्न पडेल, की हे आपण करावे का? भारतात या बाबतीत कायदा बराच कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम ५२ मालकाला गाडीत कारखानदाराच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. इंजिन बदलण्यास परवानगीची वेगळी वाट आहे. ती नोंदणी कार्यालयातूनच जाते. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. चासीला करवत लावणाऱ्याने हा मान आपल्या हाताने घालविला असे होते. तेव्हा ज्याच्याकडे जुने इंजिन अजून धडधाकट आहे आणि ज्याला महामार्गावर धावावयाचे नाही, त्याने ते तसेच राहू द्यावे हे उत्तम. अमेरिकेतही असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे नव्या यंत्रवाल्यांशी कधी पटत नाही.

काम पुरे झाले की पहिली फेरी लहान आणि सावकाश काढावी. मग वेग थोडाथोडा वाढवावा आणि कान लावावा. ठरावीक वेगालाच गुणगुण येत असेल आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकून त्याच वेगाने घरंगळतानाही ती राहत असेल, तर दोष इंजिनाचा नाही, शाफ्टच्या बाजूचा आहे. तेव्हा बॅलन्स करण्यापूर्वी कोन पुन्हा मोजावेत. गाडी जोराने निघतानाच थरथर होत असेल तर कमानपाटे पिळले जाऊन डिफरन्शियलचे नाक वर उचलले जाते आहे. त्यासाठी काही जण ते नाक आधीच एखाददोन अंश खाली ठेवतात. दीडदोनशे किलोमीटर झाले की पुन्हा खाली जावे. नवे रबर तोवर थोडे दबलेले असते, म्हणून तुळईचे सर्व बोल्ट पान्याने तपासावेत, आणि शेपटीवर कोनमापक ठेवून पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहावे.